सगळे आकडे नॉर्मल, तरी फिब-४ तीनच्या वर

फॅटी लिव्हर म्हटलं की नजर आधी रक्ताच्या रिपोर्टातल्या एसजीपीटीवर (यकृताचं एक एन्झाइम, एएलटी) जाते. ते नॉर्मल असलं की रिपोर्टची घडी घालून ठेवली जाते. पण यकृतात चरबी असूनही एसजीपीटी नॉर्मल राहू शकतं. शिवाय पुढचा धोका चरबीपेक्षा फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात किती व्रण साठले आहेत त्यावर जास्त ठरतो. त्याचा अंदाज फिब-४ हे साधं सूत्र देतं, आणि त्यासाठी लागणारे आकडे बहुतेक वेळा हातातच असतात.

वर वय गुणिले एसजीओटी (दुसरं एन्झाइम, एएसटी). खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. एवढंच.

वय ५८, एसजीओटी ४०, एसजीपीटी २५, प्लेटलेट १.५ लाख असं धरा. बऱ्याच लॅबच्या हिशेबात यातलं काहीच ठळक अक्षरात छापून येणार नाही. ५८ × ४० = २३२०; २५ चं वर्गमूळ ५, ५ × १५० = ७५०; भागाकार ३.०९. १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञ गाठायचे. मधल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करावा.

नेहमीची चूक प्लेटलेटच्या एककात होते. १.५ लाख म्हणजे सूत्रात १५०, १.५ घातलं तर उत्तर शंभरपट येतं.

एसजीपीटी भागाकारात खाली आहे, हेही विसरू नका. बाकी आकडे तेच राहून ते उतरलं तर फिब-४ चढतं, म्हणून नुसतं एसजीपीटी कमी झालं यावर खूश होण्यात अर्थ नाही.

वयाचा गुणाकार मात्र या सूत्राची दुखरी बाजू. पस्तिशीच्या आत त्यावर भरवसा नको. पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरतात, नाहीतर निरोगी माणसंही भीतीच्या यादीत जातात.

एसजीओटी स्नायूंतही असतं. जोरदार व्यायामानंतर ते वाढतं. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी वाढतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. आकडा अचानक पडलेला दिसला तर सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड पाहायला सांगा, किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून घ्या. ताप, डेंग्यू किंवा कावीळ चालू असताना तर हे गणित मांडूच नये.