डिव्हाइसमध्ये सिक्रेट की लपवायला जागा शोधू नका

"सिक्रेट की फर्मवेअरमध्ये कुठं ठेवू म्हणजे कुणाला सापडणार नाही?" हा प्रश्न मला दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. (फर्मवेअर म्हणजे डिव्हाइसमध्ये भरलेला प्रोग्रॅम, आणि सिक्रेट की म्हणजे क्लाउडला ओळख पटवणारा गुप्त कोड.) परवा ओळखीतल्या एका टीमनं विचारला. त्यांचं नाशिककडच्या द्राक्षबागांसाठी छोटं वेदर स्टेशन आहे, आत ईएसपी-३२ ही वायफायवाली छोटी चिप, पानावरचा ओलावा मोजायचा सेन्सर (डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीचा अंदाज यायला तो लागतोच), सोबत एक कॅमेरा, आणि फोटो थेट ॲमेझॉनच्या एस-थ्री बकेटमध्ये (क्लाउडवरच्या फाइलींच्या साठ्यात) टाकायचे. बकेटमध्ये लिहायला ॲक्सेस की लागते म्हणून ती सरळ कोडमध्ये टाकलेली, आणि आता ती लपवायचीय.

नाही लपत हो. बोर्डला यूएसबी लावा, ईएसपीटूल नावाचं फुकट टूल आहे त्याला रीड-फ्लॅश कमांड द्या, थोड्या वेळात अख्खी फ्लॅश मेमरी एक फाइल होऊन लॅपटॉपवर येते. त्या फाइलवर स्ट्रिंग्ज कमांड (फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी) चालवा आणि 'एकेआयए' ही चार इंग्रजी अक्षरं शोधा, कारण ॲमेझॉनच्या कायमच्या ॲक्सेस कीचा आयडी यानंच सुरू होतो, तो २० अक्षरांचा, आणि बहुतेक वेळा शेजारीच ४० अक्षरांची सिक्रेट पडलेली सापडते. अँड्रॉइड ॲपचं तर याहून सोपं, एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) म्हणजे शेवटी झिप फाइल. बेस-६४ करा, तुकडे करून ठेवा, एक्सॉर मारा (दोन्ही अक्षरं बदलून लपवायच्या युक्त्या), काहीही करा, रिक्वेस्टवर सही करताना, म्हणजे कीनं गणिती शिक्का मारताना, तुमच्या कोडला ती परत जोडावीच लागणार ना? मग जे तुमच्या कोडला जमतं ते तो कोड उघडून बसलेल्यालाही जमतं.

फ्लॅश एन्क्रिप्शन (फ्लॅशमधला मजकूर कुलूपबंद करणं) चालू करा, जरूर करा, ईएसपी-३२ मध्ये ती सोय आहे. पण माझ्या मते खरी गोची वेगळीच आहे, ती म्हणजे सगळ्या डिव्हाइसमध्ये एकच की. एक स्टेशन कुणी बांधावरून उचलून नेलं तर तुम्ही काय करणार? की बंद केली तर जिल्हाभरातली सगळी स्टेशनं एका झटक्यात मुकी, आणि नाही केली तर बकेट उघडी. (आणि त्या कीला पूर्ण एस-थ्रीची परवानगी दिलेली असते, हे विचारायचीही गरज पडत नाही.)

याचं उत्तर आपण सगळे खिशात घेऊन फिरतो. सिमकार्डमध्ये १२८ बिटची एक की असते, प्रत्येक सिमची वेगळी. नेटवर्क एक रँडम आकडा पाठवतं, सिम आतल्या आत गणित करून उत्तर देतं, नेटवर्क स्वतःकडं तेच गणित करून ताडून बघतं, ती की मात्र हवेत कधी जातच नाही. १९९८ मध्ये संशोधकांनी त्यातला कॉम्प-१२८ अल्गोरिदम फोडून सिमची कॉपी करून दाखवली, पण तेव्हाही एका सिममधून त्या एकाच सिमची की निघत होती, शेजारच्याची नाही. मला यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

तर डिव्हाइसचंही तसंच करायचं. प्रत्येक स्टेशनला स्वतःची प्रायव्हेट की आणि स्वतःचं एक्स-५०९ सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र. शक्यतो ती की डिव्हाइसवरच तयार होऊ द्या, बजेट असेल तर एटीईसीसी-६०८ सारखी सिक्युअर चिप लावा, तिच्यातून की बाहेर काढायची सोयच नसते, फक्त सही मागता येते. ॲमेझॉनच्या आयओटी कोअरमध्ये (डिव्हाइस जोडायच्या सेवेत) हे सर्टिफिकेट दाखवून डिव्हाइसला तात्पुरती क्रेडेन्शियल्स, म्हणजे मुदतीच्या ॲक्सेस की, मिळतात, १५ मिनिटं ते १२ तास, जेवढी मुदत तुम्ही ठरवाल तेवढी. पॉलिसीत (परवानग्यांच्या नियमांत) डिव्हाइसचं नाव व्हेरिएबल म्हणून घाला, म्हणजे एका बागेचं स्टेशन फक्त स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहील, दुसऱ्याच्या नाही.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक म्हणजे फॅक्टरीत सगळ्या बोर्डांवर एकच क्लेम सर्टिफिकेट (नोंदणीपुरतं सामायिक ओळखपत्र) टाकतात आणि पहिल्यांदा चालू झाल्यावर बोर्ड त्याच्या बदल्यात स्वतःचं सर्टिफिकेट मागून घेतो. सोयीचं आहे, पण परत सगळ्यांकडं एकच गुपित आलं की नाही? म्हणून त्या क्लेमला नोंदणी सोडून दुसरं काहीही करता येता कामा नये, आणि नोंदणीच्या वेळी लॅम्डा फंक्शनमधून (ॲमेझॉनवर चालणाऱ्या तुमच्या छोट्या प्रोग्रॅममधून) सिरीयल नंबर आपल्या यादीत आहे का, आधी वापरला गेलाय का, हे तपासायचंच. दुसरं म्हणजे घड्याळ. ईएसपी-३२ ची पॉवर गेली की तो थेट १९७० मध्ये जागा होतो, मग सर्टिफिकेटची तारीख तपासणं चालू असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट "अजून सुरूच झालेलं नाही" म्हणून टीएलएस (सुरक्षित कनेक्शन) तुटतं, आणि सही स्वतः करत असाल तर एस-थ्री १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. आधी एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सेवेवरून) वेळ घ्या, मग बाकीचं.

या टीमला मात्र मी यापेक्षा साधं सांगितलं. फोटोसाठी क्रेडेन्शियल्स डिव्हाइसला देऊच नका. डिव्हाइसनं सर्टिफिकेटवर कनेक्ट व्हायचं आणि एमक्यूटीटीवर (डिव्हाइसच्या छोट्या मेसेजांसाठीची पद्धत) "फोटो टाकायचाय" एवढंच म्हणायचं, तुमच्या सर्व्हरनं प्रीसाइन्ड यूआरएल, म्हणजे आधीच सही केलेली मुदतीची लिंक, बनवून परत पाठवायची. त्या यूआरएलमध्ये सही असते, सिक्रेट नसते, आणि ती एकाच फाइलपुरती, एकाच कामापुरती. मोबाइल ॲपलाही हेच चालतं, तिथं सर्टिफिकेटच्या जागी युजरचं लॉगिन. फाइलच्या साइजवर लगाम हवा असेल तर साध्या पुट अपलोडऐवजी साइजची मर्यादा घालता येणारी पोस्ट पॉलिसी वापरा, नाहीतर कुणीतरी फोटोच्या नावाखाली काही जीबी ढकलेल आणि बिल तुम्हाला.

स्टेशन चोरीला गेलं तर त्याचं एकट्याचं सर्टिफिकेट इनॅक्टिव्ह करायचं, बाकीच्यांना कळतही नाही. फक्त आधी दिलेली यूआरएल त्यानं बंद पडत नाही, मुदत संपेपर्यंत ती चालतेच. जास्तीत जास्त ७ दिवस देता येतात म्हणून द्यायचे नसतात, फोटो चढायला ५ मिनिटं खूप झाली, शेतातलं नेटवर्क धरून.