शुक्रवारचा शो आणि काकींचा गॅस

कोकणात माशांना वार असतात. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, आणि मंगळवारी गणपतीमुळे काही घरं बंद. बिनधास्त उरतात ते बुधवार, शुक्रवार आणि रविवार. नवा सिनेमा लागतो शुक्रवारी. रत्नागिरीत रात्री साडेनऊनंतर घरगुती ताट वाढणारी जागा शोधत फिरावं लागतं. अशा गावात सहाचा शो आणि सुरमईचं ताट एकाच शुक्रवारी बसवायचं म्हणजे हिशेब करावा लागतो. मी आणि माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, दोघी हा हिशेब जमवायला बसलो होतो.

जाताना मांडवी एक्स्प्रेस. खाण्यासाठी या गाडीचं नाव आहे आणि ते उगाच नाही. वडे, कटलेट, गुलाबजाम, डब्यातून सतत काही ना काही जात असतं, आणि पनवेल सोडायच्या आत ताईने "आता जेवायला नको" असं जाहीर करून पुढे रोह्यापर्यंत खाल्लं. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा शेवटचं कटलेट संपलेलं होतं. स्टेशन कुवारबावला, गावापासून लांब. रिक्षावाल्याशी घासाघीस करायची माझी पद्धत आहे, पण पोट इतकं भरलं होतं की सांगितले तेवढे दिले.

थिबा पॅलेस एका दुपारी झाला. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशातून उचलून आणलेला राजा थिबा १९१० साली बांधून झालेल्या या वाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. इतक्या वर्षांत त्याला बांगडा आवडायला लागला का, हे मला एकाही फलकावर दिसलं नाही. ताईच्या मते मुख्य माहिती तीच. भाट्याचा किनारा, मांडवीची जेट्टी, लोकमान्यांचं जन्मस्थान हेही पाहिलं. छान आहे सगळं.

आता काकी. एका घराची पडवी, चार टेबलं, पाटी नाही, दारात फळ्यावर खडूने लिहिलेलं त्या दिवशीचं ताट. शुक्रवारी सकाळी चहा प्यायला गेलो तेव्हा काकी नुकत्याच मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून आल्या होत्या आणि ओट्यावर बांगडे ओतत होत्या. ताईचा चेहरा उजळला. जून आणि जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ऑगस्टात बोटी सुटतात, पण श्रावणात निम्मी घरं खात नाहीत, पुढे गणपती, मग नवरात्र. आश्विन उतरणीला लागला की मासा आणि खाणारा यांची खरी गाठ पडते. काकींनी संध्याकाळचा बेत सांगितला: तळलेली सुरमई, तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. मग विचारलं, "ताटं धरू ना तुमची? साडेनऊला गॅस बंद. मग कोण आलं तरी नाय."

"नऊला पोचतो," मी म्हटलं. सहाचा शो पावणेनऊला सुटणार, रिक्षाने दहा मिनिटं. हिशेब चोख.

थिएटर जुनं, एकपडदा. बाल्कनीचं तिकीट दोघींचं मिळून जेवढं झालं तेवढ्यात ठाण्याच्या मॉलमध्ये एक पॉपकॉर्न येत नाही. सिनेमा खुनाचा होता, आणि घडत होता अर्थातच कोकणातल्या घरात. मराठी सिनेमावाल्यांना माणूस मारायचा झाला की कौलारू घर, विहीर, कंदील आणि मुसळधार पाऊस याशिवाय जमतच नाही; नवी मुंबईत कुणाचा मुडदा पडत नाही जणू. ठाण्यात आपण हे मुकाट बघतो. इथे खालच्या स्टॉलपासून वरच्या बाल्कनीपर्यंत चुका काढणं चालू होतं. "रहाट उलटा बसवलाय बघ." "भर पावसात आमसुलं वाळत घालतेय, हिला काय झालंय?" एका प्रसंगात म्हातारी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी करते आणि मागे आंब्याला मोहोर दिसतो. त्यावर जो हशा झाला त्यात पुढचे तीन संवाद गेले. पण ही नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, बघत वाढलेली माणसं. नमनातल्या संकासुर या पात्राशी बोलायची सवय असलेलं पब्लिक पडद्याशी गप्प कसं बसेल? मला सिनेमात बोललेलं अजिबात खपत नाही. इथे मात्र सिनेमापेक्षा पब्लिक बरं होतं.

मध्यंतर झालं, पुन्हा सुरू झाला, इन्स्पेक्टर विहिरीपाशी वाकला, आणि परतीच्या पावसाने छपरावर असा काही आवाज केला की आधी वाटलं हा सिनेमातलाच. मग वीज कडाडली आणि लाइट गेली. जनरेटरवर दोन दिवे आणि चार पंखे लागले, पडदा काळाच. मॅनेजर दारात येऊन म्हणाला, "येईल आता," आणि निघून गेला. आठ वाजायला दहा मिनिटं होती.

कोणी चिडलं नाही, याचाच मला राग आला. ठाण्यात एव्हाना तिकिटाचे पैसे परत मागायला रांग लागली असती. इथे सगळे उठून कँटीनकडे गेले, जणू हाही कार्यक्रमाचाच भाग. कांदाभजीचा घाणा पडला, चहाचे कप फिरले, आणि जमलेल्या चाळीसेक माणसांनी खुनी शोधायला घेतला. एका वहिनींचा संशय वकिलावर, कॉलेजच्या पोरांचा पुतण्यावर. एक पांढऱ्या सदऱ्यातले सर, ज्यांना निम्मी मंडळी "सर" म्हणूनच हाक मारत होती, गंभीरपणे विहिरीची खोली आणि दोराची लांबी यांचा मेळ लावत होते. मी घड्याळ बघत होते. आठ वीस. डोळ्यांसमोर इन्स्पेक्टर नाही, काकींचा रेग्युलेटर.

इतक्यात झारा आपटत कँटीनचा पोरगा म्हणाला, "मेव्हणा."

सगळे थांबले.

"मेव्हण्यानेच मारलाय. बाराच्या शोला बघितलाय ना मी."

हे असं भजी कागदावर टाकता टाकता. चाळीस माणसांचा शुक्रवार त्याने एका शब्दात मोडला, आणि लगेच पुढचं गिऱ्हाईक विचारलं. वहिनी "अगो बाई" म्हणाल्या, सर "शक्य नाही" म्हणाले, पोरं हसली. मी त्याला काहीतरी बोलणार होते, पण ताईने माझा दंड धरला. तिचा चेहरा मोकळा झाला होता. "आता बघायचं काय राहिलंय? चल, सुरमई."

लाइट आली तेव्हा आठ पस्तीस झाले होते. म्हणजे शो सुटणार साडेनऊला. सगळे आत गेले, आम्ही दोघी उलट्या दिशेने भर पावसात रिक्षाकडे.

त्या जेवणाबद्दल मला तक्रार करता येत नाही, आणि तक्रार हा माझा आवडता भाग आहे. सुरमई तांदळाच्या पिठात आणि थोड्या रव्यात घोळवलेली, थर इतका पातळ की आतला मासा दिसावा. मुंबईच्या हॉटेलांत रव्याचं चिलखत फोडून मासा शोधावा लागतो, तसलं काही नाही. कालवणात तिरफळं अख्खी. काकी वाढतानाच म्हणाल्या, "ती चावू नका, बाजूला काढा." ताईने एक चावलंच, आणि पुढची पाच मिनिटं जीभ बधिर झाल्यामुळे ती गप्प राहिली. तिसऱ्या ओल्या खोबऱ्यात, तांदळाची मऊ भाकरी, आणि सोलकढी नारळ खवून दूध काढलेली. पाकिटातल्या पावडरीची गुलाबी सोलकढी हल्ली किनाऱ्यावरही मिळते. तिचा मला संताप येतो.

टेबल सहा जणांचं. आमच्यासोबत आयटीआयची दोन पोरं, हायवेच्या कामावरचा एक डंपरचालक आणि एक बँकवाले. याच गावात भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सगळ्या जातींना खुलं झालं, सहभोजनाच्या पंगती बसल्या, आणि १९३३ मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने सगळ्या जातींच्या हिंदूंनी एकत्र बसून खावं म्हणून उपाहारगृहही निघालं. तेव्हा शेजारी कोण बसलंय हा गावभर वादाचा विषय होता. आमच्या टेबलावर वाद एकच झाला, डंपरवाल्याने रस्सा तिसऱ्यांदा मागितल्यावर इतरांना पुरेल का. पुरला.

साडेनऊला आतून खट् आवाज आला. गॅस बंद. काय वेळ साधली, म्हणून मी ताईकडे पाहिलं.

दहाला पाच कमी असताना छत्री झटकत सर आले. थिएटरातले तेच. आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि काकींनी काही न विचारता आतून एक झाकलेलं ताट आणून ठेवलं. सुरमई, भाकरी, वाटीत कालवण.

"गॅस साडेनऊला बंद ना?" मी विचारलं.

"बंदच आहे. सर सकाळी सांगून गेले, पिक्चरला जातोय म्हणून. तुम्ही सांगितलं असतंत तर तुमचंपण झाकून ठेवलं असतं."

"पण तुम्हीच म्हणालात, कोण आलं तरी नाय."

"न सांगता आलं तर," काकी म्हणाल्या आणि टेबल पुसायला लागल्या.

हे फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? तिथे "उधारी बंद" लिहिलंय, "गिऱ्हाईकांनी हात धुताना पाणी जपून वापरावं" लिहिलंय. ही एक ओळ का नाही? सरांनी पहिला घास घेतला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही उगाच उठलात. मेव्हणा नव्हताच."

"मग कोण?"

"छे छे. ते मी नाही सांगणार. उद्या आहे की शो."

ताईने खूप विनवलं. माणूस काटे काढत राहिला.

शनिवारी पुन्हा तिकिटं काढली, पुन्हा सहाचा शो. पाऊस नाही, लाइट गेली नाही, मोहोराला आदल्या दिवसाएवढाच हशा. काकींना सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, आज वार आहे, काळ्या वाटाण्याची उसळ, ती काय झाकून ठेवायची, कधीही या. मध्यंतरात मी कँटीनच्या पोराला गाठलं.

"काल मेव्हणा म्हणालास ना?"

"हां," तो म्हणाला. "मी पण इंटरव्हलपर्यंतच बघितलेला. मग भजी तळायला यावं लागलं."

मी बोलायला तोंड उघडलं, तर ताई मधूनच म्हणाली, "दोन प्लेट दे." भजी, नाइलाजाने सांगते, फार चांगली होती.