तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात कुठं जेवायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर येतो, तोही निघण्याच्या आदल्या रात्री. "गोव्याला चाललोय, वाटेत बेळगाव लागतंय. चांगलं जेवण कुठं मिळेल? आणि दोन-चार तासांत बघण्यासारखं काही आहे का?" विचारणाऱ्या कधी पुण्याच्या वहिनी असतात, कधी ऑफिसातल्या कुणाचे मेव्हणे. सगळ्यांना एका हॉटेलचं नाव हवं असतं, शक्यतो मॅपच्या लिंकसकट. मी उलट विचारते, किती वाजता पोचताय? आणि महिना कुठला?

लोकांना वाटतं, बाई टाळतेय. पण या गावात पदार्थाला वेळ असते, जागेलाही असते. ती गाठलीत तर बाकडी टाकलेल्या हॉटेलातही जेवण रंगतं. चुकवलीत तर एसी हॉलमध्ये पनीर बटर मसालाच पुढ्यात येणार, आणि तो खायला बेळगावपर्यंत कशाला यायचं?

सकाळी सात ते साडेनऊच्या आत पोचत असाल तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. खडेबाजार, रामदेव गल्ली, टिळकवाडी, कॅम्प, कुठंही जा. ज्या उडुपी हॉटेलाबाहेर स्कूटर आडव्यातिडव्या लागल्यात तिथं शिरा. पाटी कन्नडमध्ये असेल, घाबरू नका. मराठीत बोललात तरी चालतं, आणि पोऱ्या तुमचं मराठी ऐकून हमखास ओळखतो की पाव्हणे घाटावरून खाली उतरणार आहेत. इडली-वडा मागवलात तर सांबार वेगळं की बुडवून, हे तो विचारेल. बुडवूनच सांगा. उप्पीट आणि शिरा एकाच बशीत शेजारी शेजारी मिळतात तेही घ्या. दोघांत एक चहा हवा असेल तर 'बाय टू' म्हणायचं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. इथं चांगले पगारदारही बाय टूच घेतात. अकराच्या पुढं मात्र तिथंच गेलात तर सांबार पातेल्याच्या तळाशी गेलेलं असतं आणि वडा सकाळचा असतो. मग लोक मला फोन करून म्हणतात, "काही खास नव्हतं हो."

नाश्ता झाल्यावर तासभर हाताशी असेल तर किल्ल्यात कमल बस्ती बघून या. रट्ट राजवटीतली, 1204 सालची. आत छताला दगडी कमळ आहे, ते मान वर करून नीट बघा. फोटोत त्याची खोली येत नाही. तिथून टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोला गेलात तर मोठाल्या झाडांखाली फिरणारी निवृत्त मंडळी दिसतील. बेळगावची हवा म्हणतात ती तिथं मिळते, फुकट.

आता दुपारचं जेवण. इथं मी जरा बसून सांगते, कारण सगळं गुपित या जेवणात आहे. नकाशा काढा. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी. तिथं सह्याद्रीचा धो धो पाऊस, भात, फणस, काजू. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती. काळी माती, बेताचा पाऊस, जोंधळा आणि शेंगा. तासा-दीड तासाच्या अंतरात पाऊस झपाट्यानं कमी होत जातो, आणि त्याच्याबरोबर ताटातला भातही. बेळगाव या दोहोंच्या बरोबर मध्ये बसलंय. म्हणून आमच्याकडं भाकरीही लागते आणि भातही लागतो; एकावर भागलं असं म्हणणारं घर मला माहीत नाही.

पूर्वेकडचं जेवण हॉटेलात खा, पश्चिमेकडचं घरात. हे माझं स्वतःचं मत आहे, भांडायचं असेल तर जरूर भांडा. पूर्वेकडचं म्हणजे खानावळीतली जोंधळ्याची रोट्टी. मऊही मिळते आणि कडकही. सोबत भरलं वांगं, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची पूड, दही, आणि ताटाच्या कडेला कच्ची मेथी, मुळा, कांदा. ती मेथीची जुडी बघून मुंबईचे पाहुणे ती सजावट आहे असं समजून बाजूला सारतात. ती खायची असते, देठं मोडून, प्रत्येक घासाला दोन पानं. कडक रोट्टी हातानं चुरायची, वर दही आणि शेंगाचटणी, थोडं तेल. हे साडेबारा ते दोनमध्ये. तव्यावरची रोट्टी थेट ताटात येते ती तेवढाच वेळ. रात्री बऱ्याच ठिकाणी दुपारच्याच गरम करून देतात आणि त्या चामट लागतात.

पश्चिमेकडचं जेवण हॉटेलात नीट मिळत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. भात आणि आमटी. पण तो भात कुठला, हे महत्त्वाचं. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ या शिवारांत जो बासमती होतो तो तुमच्या बिर्याणीतला लांबसडक बासमती नव्हे. दाणा बेताचा, शिजला की जरा चिकट, आणि वास असा की शेजारणीला कळतं आज काय शिजतंय. सुगी झाली की त्याच शेतात, राहिलेल्या ओलीवर, पाणी न देता मसूर, वाटाणा, हरभरा येतो. ही मसूर बारकी आणि काळसर असते. जानेवारी-फेब्रुवारीत नवी मसूर बाजारात आली की आमच्या घरी आठवडाभर दुसरी आमटी होत नाही.

करायची कशी तेही सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. मसूर भिजवून मोड काढायचे, पण मोड अगदी टोकाला डोकावला की थांबायचं; लांब मोडांची आमटी गुळमट होते. कांदा आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं, खोबरं आधी काढायचं कारण ते क्षणात करपतं. त्यात लसूण घालून वाटण. फोडणीत घरचं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या डंकावर नेऊन कुटून आणतो ते, रंगाला ब्याडगी आणि चवीला संकेश्वरी. संकेश्वर आमच्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा त्या मिरचीबद्दल आम्ही थोडी शेखी मिरवतो. कुकरला तीन शिट्ट्या देऊ नका. पातेल्यात उघड्यावर शिजवा, दाणा आख्खा राहिला पाहिजे आणि दाताखाली फुटला पाहिजे. शेवटी आमसूल. वर तूप भातावर, आमटीवर नाही. माझ्या सासूबाई तिसऱ्या वाढीला विचारतही नसत, सरळ डाव पालथा करायच्या आणि म्हणायच्या, "खावा की, लाजतासा कशाला?"

म्हणून बेळगावात ओळखीचं कुणी असेल तर लाज सोडा आणि घरी जेवायला या म्हणायला लावा. आम्हाला आवडतं. फक्त आदल्या दिवशी कळवा, आणि श्रावणात मटणाची अपेक्षा धरू नका. एरवी रविवारी बाराला कुठल्याही गल्लीतून चाललात तरी कुणाकडं काय शिजतंय ते नाकाला कळतं.

गोड काय, हाही एक प्रश्न ठरलेला. कुंदा. दूध दह्यानं किंचित फाडून आटवत आटवत दाणेदार करायचं आणि साखरेला तपकिरी रंग येऊ द्यायचा. शहापुरात एका मिठाईवाल्याकडं चुलीवर दूध विसरून राहिलं आणि तो झाला, असं सांगतात. खरंखोटं दूधच जाणे. कॅम्पात पुरोहित मिठाईवाल्यांकडं घ्या किंवा शहापुरातल्या जुन्या दुकानांत घ्या, पण हायवेवर चिप्सच्या पाकिटांशेजारी रचलेले डबे घेऊ नका. पाव किलो घ्या, गाडीतच उघडा. शिवाय लग्नसराईत आलात आणि कुणाच्या घरचे मांडे मिळाले तर कुंदा विसरा. उलट्या खापरावर भाजलेला तो पातळ कागद, आत पिठीसाखर, चौकोनी घडी. दूध-तूप घालून खायचा. खाताना अंगावर चुरा सांडणार, ते ठरलेलंच.

आता फिरण्याचं. पावसाळ्यात सगळ्यांना धबधबे हवे असतात. गोकाकचा घटप्रभेचा धबधबा बावन्न मीटरचा, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत बघण्यासारखा; मार्चमध्ये गेलात तर खडक बघून याल. परत येताना करदंट घ्या, डिंक आणि सुक्यामेव्याची तिथली मिठाई. जवळच गोडचिनमलकीला मार्कंडेय नदी उडी घेते. ती मार्कंडेय म्हणजे आमच्या राकसकोपच्या धरणाची नदी, जिचं पाणी बेळगावच्या नळाला येतं. खानापूरकडच्या जंगलातल्या धबधब्यांवर वनखातं पावसाळ्यात बंदी घालतं, तेव्हा रीलमध्ये बघितलेल्या वाटेनं घुसू नका. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे, रस्ता चोर्ला घाटाकडंच जातो. तुम्ही गोव्याला त्याच वाटेनं जाणार असाल तर तिथं थांबा. आणि आंबोली रविवारी अजिबात नको. धुक्यात फक्त गाड्यांचे मागचे दिवे दिसतात.

माझी स्वतःची आवड विचाराल तर नोव्हेंबरात राजहंसगड. येळ्ळूरचा गड, शहरापासून अर्ध्या तासावर, वर सिद्धेश्वराचं देऊळ. तिथल्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण 2023 च्या मार्चमध्ये दोनदा झालं, आधी एका पक्षाकडून आणि मग दुसऱ्याकडून. महाराज काही बोलले नाहीत. तटावरून खाली बघितलं की कापणीला आलेला बासमती दिसतो, पिवळाधम्मक, मध्ये मध्ये मळणी सुरू. डब्यात तांदळाची भाकरी, खर्डा आणि दही न्यायचं. वर चहाची टपरी शोधत बसू नये, थर्मास न्यावा.

पण खरं बाहेरचं जेवण बघायचं असेल तर मार्गशीर्ष अमावास्येला पूर्वेकडं जा, बैलहोंगल-गोकाकच्या बाजूला. त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. पहाटेपासून बाया स्वयंपाकाला लागतात: बाजरीच्या आणि जोंधळ्याच्या भाकऱ्या, भरली वांगी, अंबाडीची भाजी, कडबू, शेंगापोळ्या, दहीभात. टोपल्या भरून सगळं शेतात जातं. पूर्वी सजवलेल्या बैलगाड्या असत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे बसतात. जोंधळ्यातली पूजा झाली की थोडं थोडं अन्न कालवून पिकात चारी दिशांना शिंपायचं, त्याला चरग म्हणतात. आधी जमिनीला, मग माणसांना. आमचं एक ओळखीचं घर आहे तिकडं, लिंगायत, आमचं नातं कसलंच नाही. पण बांधावरून जाणारा माणूस दिसला की त्या घरची अक्का हाक मारते, "बर्री, ऊटा माडरी," म्हणजे या, जेवा. जेवल्याशिवाय सोडत नाहीत, तुम्ही मराठी बोलता की कन्नड ते कुणी विचारत नाही. थंडीचं ऊन, पाठीमागं तूर, ज्वारीची पात अंगाला घासते आणि पत्रावळ वाऱ्यानं उडू नये म्हणून एका हातानं धरून जेवायचं. या जेवणाला कुठलंच हॉटेल पुरं पडत नाही, आणि वर्षात एकच दिवस ते मिळतं.

कधी येऊ नये तेही सांगून टाकते. 1 नोव्हेंबरला नको. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं आमच्या मराठी लोकांची, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची फेरी. रस्ते बंद, दुकानं बंद, तुम्ही मध्येच अडकाल. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागतं, तेव्हा लॉज मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव आमदारांचे.

संध्याकाळी पोचणाऱ्यांना माझा एकच सल्ला असतो, थेट जेवायला बसू नका. चिरमुऱ्यांचं गाव आहे हे. सहा-साडेसहाला गिरमिट खा. चिंचेच्या आंबटगोड मसाल्यात कालवलेले चिरमुरे, वर डाळ्याचं पीठ आणि कच्चा कांदा, शेजारी मिरची भजी. सांगितल्यावर लगेच कालवलं पाहिजे आणि लगेच खाल्लं पाहिजे, पाच मिनिटांत चिरमुरा मऊ पडतो. पार्सल मागणाऱ्यांकडं गाडीवाला दयेनं बघतो.

आणि रात्री दहानंतर पोचणार असाल तर मला हॉटेलचं नाव विचारूच नका. हायवेवर काहीतरी पोटात ढकला, गावात येऊन झोपा आणि सातला उठा. एवढं करूनही घरीच यायचं असेल तर निपाणी सोडताना फोन करा. भाकरीचं पीठ मळलेलं नसतं, पण तासाभरात गरम भात आणि आमटी होते.