सापेक्षता समजून घेताना: आलेखाचा कागद आणि ३.६ वर्षं

विशेष सापेक्षतेची ओळख बहुधा "वेगाने जाणारं घड्याळ मंद चालतं" या वाक्याने करून दिली जाते, आणि गाडी तिथेच अडते. पृथ्वीवरून मोजलं तर यानातलं घड्याळ मंद, यानातून मोजलं तर पृथ्वीवरचं मंद. दोन्ही कसं खरं असेल? माझ्यापुरता हा गुंता सूत्रांनी सुटला नाही, आलेखाच्या कागदाने सुटला.

आडव्या अक्षावर अंतर प्रकाशवर्षांत, उभ्या अक्षावर काळ वर्षांत, दोन्हीकडे १ सेंमीला १ एकक. म्हणजे प्रकाशाची रेघ ४५ अंशांत येते. तारा ६ प्रकाशवर्षांवर, यानाचा वेग प्रकाशाच्या ०.६ पट. पृथ्वीच्या हिशोबाने प्रवास १० वर्षांचा, म्हणून यानाची रेघ (०,०) पासून (६,१०) पर्यंत.

आता यानातला काळ. १० चा वर्ग वजा ६ चा वर्ग, म्हणजे ६४. वर्गमूळ ८ वर्षं. इथे चूक हमखास होते ती पट्टी लावण्याची. पट्टीने ती रेघ सुमारे ११.७ सेंमी भरते आणि यानातला काळ वाढल्यासारखा वाटतो. अवकाश-कालात (अंतर आणि काळ एकत्र मांडलेल्या या आलेखात) वर्गांची बेरीज नसते, वजाबाकी असते. हे भूमितीचं रूप गणितज्ञ मिंकोव्हस्कीने १९०८ मध्ये मांडलं.

खरी मेख पुढे आहे. यानातल्याच्या दृष्टीने "याच क्षणी" घडणाऱ्या घटना आडव्या रेघेवर नसतात, ०.६ चढाच्या (१ सेंमी आडवं गेलं की ०.६ सेंमी वर) तिरक्या रेघेवर असतात. अशी एक रेघ (०,०) मधून काढा: ताऱ्याच्या जागी ती ३.६ ला भेटते. दुसरी (६,१०) मधून मागे आणा: पृथ्वीच्या जागी ६.४ वर येते. यानातला म्हणतो, "माझी ८ वर्षं गेली, तेवढ्यात पृथ्वीवर आणि ताऱ्यावर फक्त ६.४ गेली. ताऱ्यावरचं घड्याळ मात्र मी निघालो तेव्हाच ३.६ ने पुढे होतं, म्हणून पोचल्यावर तिथे १० वर्षं झालेली दिसली." ३.६ अधिक ६.४. विरोध उरतच नाही. (प्रकाश पोचायला लागणारा वेळ या हिशोबात आधीच वजा केलेला आहे, नुसत्या डोळ्यांना दिसणारं चित्र वेगळं असतं.)

विचारांच्या जगाला धक्का बसला तो याच ३.६ मुळे. न्यूटनच्या विश्वात सगळीकडे एकच "आत्ता" होता. १९०५ मध्ये आइनस्टाइनने तो काढून घेतला. त्यावरून "सत्य ज्याच्या-त्याच्या नजरेचं" असा निष्कर्ष सर्रास काढला जातो, आणि तो मला अगदीच चुकीचा वाटतो. यानाचं "८ वर्षं" हे उत्तर पृथ्वीवरून काढा, यानातून काढा की तिसऱ्याच यानातून, तेच येतं. आधी कारण, मग परिणाम, हा क्रमही कुणासाठी उलटत नाही. क्रम बदलू शकतो तो ज्यांच्यामध्ये प्रकाशसुद्धा पोचू शकत नाही अशा घटनांचाच.

हेन्री बर्गसाँसारख्या तत्त्वज्ञाला हे वेगवेगळे काळ गणितातले वाटत होते, जगलेला काळ एकच. एप्रिल १९२२ मध्ये पॅरिसमध्ये त्याची आणि आइनस्टाइनची समोरासमोर चर्चा झाली. पुढे १९७१ मध्ये सीझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली गेली. जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. या आकड्यांत उंचीवरच्या कमी गुरुत्वाकर्षणाचाही वाटा आहे, आणि त्यासाठी १९१५ ची व्यापक सापेक्षता, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, लागते.

तिकडे वळण्याआधी हीच आकृती ०.८ वेगाने आणि ८ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यासाठी काढून बघा. यानात ६ वर्षं, ताऱ्याचं घड्याळ सुरुवातीलाच ६.४ ने पुढे, पृथ्वीवर ३.६ यायला हवीत. नाही आली, तर बहुतेक "याच क्षणी"ची रेघ आडवी राहिली आहे.