तुम्ही विचारलंत म्हणून : हाडांची गोळी बंद केली तर चालेल का?

कोथरूडमध्ये माझं औषधांचं दुकान आहे. साठी ओलांडलेल्या बायकांची ये-जा भरपूर, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो. "मॅडम, ती हाडांची गोळी आता बंद केली तर चालेल का हो? आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना डॉक्टरांनीच थांबवायला सांगितलं." मी विचारते, काकूंना कोणतं औषध चालू होतं? ते बहुतेकींना माहीत नसतं. आणि सगळी गोम तिथेच आहे.

ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, औषध म्हणजे काही एकच गोळी नव्हे. आठवड्याची अलेंड्रोनेट किंवा रिसेड्रोनेट, महिन्याची इबॅन्ड्रोनेट आणि वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही सगळी एकाच कुळातली. ही औषधं हाडात जाऊन बसतात आणि बंद केल्यावरही त्यांचा परिणाम बराच काळ टिकतो. म्हणून साधारण पाच वर्षं गोळ्या किंवा तीन वर्षं सलाइन झालं की डॉक्टर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन बघतात, आधी कुठे फ्रॅक्चर झालंय का ते बघतात आणि काहीजणींना औषधातून सुट्टी देतात. काकूंना मिळाली असेल ती ही. पण तुमचा मणका आधीच दबलेला असेल किंवा स्कॅनमधला टी-स्कोअर (तुमच्या हाडांची घनता तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत किती ते सांगणारा आकडा) अजून उणे अडीचच्या खाली असेल, तर तुम्हाला ती सुट्टी मिळेलच असं नाही. शिवाय मिळालेली सुट्टीही कायमची नसते. अधूनमधून तपासणी करावीच लागते.

याच्या अगदी उलटं डेनोसुमॅबचं. हे 60 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. ते हाडात साठत नाही. तारीख टळली की थोपवून धरलेली झीज उसळी मारून येते आणि काहीजणींचे पाठीचे मणके एकापाठोपाठ एक दबतात. हे बंदच करायचं ठरलं, तर त्याच्या जागी दुसरं औषध वेळेवर सुरू करावं लागतं. पुण्यातल्या बायकांना याची अडचण हमखास कुठे येते, तर अमेरिकेत. लेकीचं बाळंतपण नाहीतर नातवाची मुंज, मुक्काम सहा महिन्यांचा, आणि इंजेक्शनची तारीख नेमकी मधेच. "आल्यावर घेऊ की, काय बिघडतंय!" बिघडतं. तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला. लाडवांचे डबे भरताना आठवून उपयोग नाही.

तिसरं टेरिपॅराटाइड, रोज टोचायचं पेन. ते फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. सहसा दोन वर्षांपर्यंत चालतं आणि त्यानंतर कमावलेलं हाड टिकवायला दुसरं औषध लागतंच.

आता, बंद करायचं मनात का येतं? खोदून विचारलं की नव्वद टक्के वेळा एकच कारण निघतं. "पित्त फार होतं हो त्यानं." मग मी विचारते, गोळी घेता कशी? "कशी म्हणजे? सकाळच्या चहाबरोबर." पुढचं काय ते मला कळतं.

ही गोळी मुळात फार हट्टी. रिकाम्या पोटी घेतली तरी तिचा शंभरातला एक भागसुद्धा रक्तात उतरत नाही. कॉफीबरोबर घेतली तर त्यातलाही निम्म्याहून जास्त वाया जातो. दूध आणि कॅल्शियम तर तिचे वैरीच. सकाळी उठल्यावर काहीही तोंडात टाकायच्या आधी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर ती अख्खी गिळायची. चावायची नाही, चघळायची नाही. नंतर निदान अर्धा तास, महिन्याची गोळी असेल तर तासभर, आडवं व्हायचं नाही. बसा, उभ्या राहा, देवपूजा करा, फुलं तोडा. दोन घोट पाण्यात गोळी ढकलून परत पांघरुणात शिरलं की ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. आपण त्याला पित्त म्हणतो. हे सगळं पाळूनही गिळताना दुखत असेल, छातीत जळजळत असेल, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. सलाइनचा पर्याय असतो.

आठवड्याचा वार चुकला तर आठवण झाल्यावर दुसऱ्या सकाळी घ्यायची आणि पुढच्या वेळी आपला ठरलेला वार. एका दिवशी दोन कधीच नाही. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते, तेव्हा दोन्ही कशा बसवायच्या ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. कॅल्शियम जेवणानंतर, दुपारी नाहीतर रात्री.

दातांबद्दलची भीती सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरते. या औषधांनी जबड्याचं हाड खराब होऊ शकतं हे खरं. पण ते प्रामुख्यानं कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांत दिसतं, ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला क्वचितच. दात काढायचे असतील तर शक्यतो औषध सुरू करायच्या आधी काढून घ्या. औषध चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना तसं सांगा. दाढ काढायची म्हणून डेनोसुमॅब परस्पर पुढे ढकलणं हे तर आगीतून फुफाट्यात.

खरं लक्ष मांडीकडे हवं. बरीच वर्षं गोळी चालू आहे आणि मांडीत किंवा जांघेत नव्यानं ठणका लागलाय, तर बाम चोळत बसू नका. मांडीच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. प्रकार दुर्मीळ आहे, पण एक्स-रे काढून बघावाच लागतो.

आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी. किडनी फार कमजोर असेल तर या गोळ्या आणि सलाइन चालत नाहीत, म्हणून आधी रक्त तपासतात. डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी असेल तर तेही आधी भरून काढतात. याच डीच्या 60,000 युनिटच्या पुड्या लोक आठवड्याला एक अशा वर्षानुवर्षं दुधातून घेत राहतात, जुनी चिठ्ठी दाखवून. डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात ठरावीक आठवड्यांपुरत्या. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, किडनीवर ताण येतो. त्यामुळे पुडी मागितलीत की मी चिठ्ठीवरची तारीख बघते. राग मानू नका.