तुम्ही विचारलंत म्हणून: एक ठेवते, एक उपटते

‘रानफुलं जपता म्हणता, मग गाजरगवत दिसलं की लगेच हातमोजे कशाला चढवता?’ हा प्रश्न मी चार वर्षं टाळते आहे. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद असतो, म्हणून जरा जास्तच.

‘परदेशी आहे म्हणून’ असं सांगून पाहिलं. टिकलं नाही. जिच्यावरची फुलपाखरं मी कौतुकाने दाखवते ती एकदांडीसुद्धा मूळची अमेरिकेतलीच. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी मुद्दाम आणलेली. रानं गिळू लागली तेव्हा तण ठरली. उलट राय हे धान्य आधी गव्हाच्या शेतातलं तण होतं.

पूर्वीची मी म्हणायची, तण असं काही नसतंच, दोष आपल्या नजरेचा. फार आवडायचं मला हे वाक्य.

मग एका पावसाळ्यात घरामागे गाजरगवत माजलं. नाजूक कातरलेली पानं, वर बारीक पांढरी फुलं. अण्णा म्हणाले, उपटू या. मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. ते गप्प बसले. मग मी कामावर गेले की ते रोज थोडं थोडं उपटू लागले, उघड्या हातांनी, आणि मला कळू नये म्हणून कडेकडेचंच. काही दिवसांनी त्यांची मनगटं लाल झाली, मग मान, मग पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. उन्हात गेलं की अंगाची आग. डॉक्टरांनी विचारलं, ‘गाजरगवताला हात लावला होतात का?’ अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ‘नाही’ म्हणाले. आठवड्याने भिंतीमागे वाळलेल्या रोपांचा ढीग सापडला, तेव्हा मला ते ‘नाही’ कळलं. तोवरचे सगळे दिवस त्यांनी चुकीच्या औषधांवर काढले होते.

त्याच दिवशी मी सगळं उपटलं. पुढच्या वर्षी पुन्हा उगवलं. (‘एकदाच मुळासकट काढून टाका’ म्हणणाऱ्यांसाठी: विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली बाटल्यांत भरून बिया पुरल्या होत्या. त्यातल्या काही १४२ वर्षांनी, २०२१ मध्ये रुजल्या. गाजरगवताचं बी इतकं टिकत नाही, पण एकेका झाडाला ते हजारोंनी धरतं.)

म्हणजे अंगाला बाधतं ते तण? मग खाजकुयलीचं काय? तिची कुसं लागली तर माणूस नाचतो, तरी तिला तण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गाजरगवत मात्र मी फुलायच्या आत काढते. रागाने काढते, हेही कबूल. मेक्सिकोत त्याची पानं फस्त करणारे भुंगेरे आहेत, तिथे मी असते तर कदाचित त्याचे फोटो काढत बसले असते.

परवा दोन पानांचं कोवळं रोप दिसलं. ओळख पटेना, तरी हात गेलाच. खिडकीतून अण्णा म्हणाले, ‘अगं, वाढू दे की थोडं.’