मागच्या सायकलवरून

मी एसटीत कंडक्टर. त्यामुळे सायकल क्लबात सगळ्यात मागे कुणी राहायचं हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विषय संपला. मागे राहणाऱ्याला आमच्यात 'स्वीप' म्हणतात. कोण थांबलं, कुणाची चेन उतरली, कोण दम खातंय हे बघायचं आणि शेवटचा माणूस हलल्याशिवाय आपण हलायचं नाही. डेपोत हेच करायचा पगार मिळतो, रविवारी फुकट. पुढून डॉक्टर ओरडतात, "ताई, सगळे आले का?" मी घंटी दोनदा वाजवते. काकांची अॅटलस सोडली तर अख्ख्या क्लबात घंटी असलेली माझी एकटीचीच सायकल. बाकीच्यांच्या मते घंटीने वजन वाढतं. पोटाचं काय, ते मी विचारत नाही.

मी यात आले ती संपामुळे. २०२१-२२ मध्ये एसटी बंद होती, घरी बसून डोकं फिरायची वेळ आली होती आणि मुलाची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. आता रविवारी ड्युटी लागली नसेल तर मी पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या पोवई नाक्यावर असते. ड्युटी लागली तर गुरुजी मागे राहतात. माणूस चांगला, पण गप्पांच्या नादात डोकी मोजायची राहून जातात.

क्लबात कुणाचं नाव धड कुणाला माहीत नाही. डॉक्टर, गुरुजी, वकीलसाहेब, पेढेवाले, बँकवाल्या मॅडम. इंजिनिअरिंगच्या एका पोराचं नाव 'कॅसेट' पडलंय, कारण त्याने आल्या आल्या मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाची गिअरची दातेरी चक्रं, बदलून घेतली आणि पुढचे दोन महिने दुसरा विषयच बोलला नाही. काका पोस्टातून रिटायर झालेले. त्यांची अॅटलस लोखंडी, मागे कॅरिअर, गिअर एकच. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. हे काका दरवर्षी त्या दिवशी ग्रुपवर टाकतात आणि बाकीचे खाली हात जोडलेले इमोजी टाकतात.

सासूबाईंचा सायकलला विरोध नाही. त्यांचा राग फक्त त्या पॅडवाल्या चड्डीवर. "ती गच्चीत पुढच्या दोरीवर नको घालूस, लोकं काय म्हणतील?" म्हणून ती मागच्या दोरीवर, चादरीच्या आड वाळते.

आमच्यात नियम एकच. शेवटचा पोचल्याशिवाय चहा सांगायचा नाही. यावरून क्लब एकदा फुटायला आला होता. यवतेश्वरचा घाट कॅसेट आणि त्याचे दोन दोस्त झपझप चढून जातात. काका अर्धा घाट चालवतात, अर्धा सायकल हातात धरून चढतात. मी काकांच्या मागे. पोरांचं म्हणणं होतं की वर पोचल्यावर ताटकळत बसलं की वारा लागतो, घाम आटतो, पाय आखडतात आणि मग पुढे कासपर्यंत मजा येत नाही. खोटं नव्हतं ते. पण वकीलसाहेब चिडले, "मग क्लबात कशाला येता, एकटे जा." पोरांनी खरंच वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. दोन-तीन रविवार नाक्यावर पोरं दिसली नाहीत.

तोडगा गुरुजींनी काढला, गणिताचे ना. वर पोचलेल्याने थांबायचंच नाही. वळायचं, खाली यायचं, शेवटच्या माणसाला गाठायचं आणि त्याच्याबरोबर परत चढायचं. पोरांना चढ दुप्पट मिळतो, काकांना सोबत मिळते. आता कॅसेट काकांच्या शेजारी सगळ्यात हलक्या गिअरवर पाय गरगर फिरवत, तोल सांभाळत चढत असतो आणि काका त्याला टपालाच्या गोष्टी सांगतात. तो वेगळा ग्रुप अजून आहे. त्यावर सध्या मिसळ कुठली खायची यावर मतदान चालतं, असं ऐकलंय.

चहाला बसलं की डॉक्टर अमेरिकेला पोचतात. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीमने पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये एकट्याने. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४८०० किलोमीटर. डॉक्टरांना उदाहरणं बरोबर डॉक्टरांचीच सापडतात. मला त्यात वेगळीच उत्सुकता. त्या शर्यतीत रात्री सायकलवाल्याच्या मागे त्याच्या टीमची गाडी असावीच लागते. रात्रभर पंधरा-वीसच्या स्पीडने, समोरच्या एका लाल दिव्यावर नजर ठेवून गाडी चालवणारा तो ड्रायव्हर कोण असेल? त्याच्याशी बोलायला मिळालं तर मी चहा पाजेन.

मागे राहिलं की पंक्चर सगळी आपल्याच वाट्याला येतात. हायवेच्या कडेला काच-खिळ्यांपेक्षा वाईट काय असेल तर ट्रकच्या फुटलेल्या टायरची तार. केसाएवढी बारीक. बँकवाल्या मॅडमचं मागचं चाक आनेवाडीच्या पुढे बसलं. त्यांनी यूट्यूबवर बघितल्याप्रमाणे सटासट टायर काढलं, नवी ट्यूब घातली, हवा भरली. पाच मिनिटांत परत फुस्स. मी म्हटलं, थांबा. टायर आतून बोटाने चाचपत गेले, हळूच, नाहीतर तार बोटात जाते. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर टोचलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एवढीशी?" जोडीची ट्यूब संपली होती म्हणून पॅच लावला आणि हातपंपाचा कंटाळा आला म्हणून सायकल ढकलत पंक्चरच्या टपरीवर नेली. तिथल्या पोराने व्हॉल्व्ह बघून डोकं खाजवलं. "ताई, ह्यो असला बारीक कसला? आमची नळी बसायची न्हाई ह्याला." प्रेस्टा व्हॉल्व्हचं हेच दुखणं, वरची बारीक चकती सैल केल्याशिवाय हवाही घेत नाही. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात पितळी अॅडॉप्टर असतं, ते फिरवून बसवलं आणि मग त्याची नळी बसली. पोराने पैसे घेतले नाहीत. अॅडॉप्टर मात्र मागून घेतलं, "पुन्हा कोण आलं तर?" म्हणाला. दिलं. आता तिकडून जाताना तो हात करतो.

मी स्वतः बीआरएम केलेली नाही, करायची घाईही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाच्या नियमांनी होणाऱ्या या लांब राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. मागे गाडी ठेवता येत नाही, मदत मिळते ती फक्त ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून निघालेल्या दोनशेच्या राइडचं शंभराव्या किलोमीटरचं कंट्रोल साताऱ्याच्या अलीकडे हायवेवरच्या एका हॉटेलात होतं आणि ते आमच्या क्लबाने सांभाळलं. शिक्का माझ्या हातात. दुसऱ्या कुणाच्या असणार?

राइड सकाळी सहाला सुटली होती. शंभरावर कंट्रोल उघडतं २ तास ५६ मिनिटांनी आणि बंद होतं ६ तास ४० मिनिटांनी, म्हणजे आठ छप्पन ते बारा चाळीस. पहिले आले ते उभ्या उभ्या केळं खाऊन निघूनही गेले. साडेबाराच्या पुढे एक गृहस्थ आले, पन्नाशीच्या पुढचे. खंबाटकीचा घाट चढून आलेले, जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे. सायकलवरून पाय उचलून टाकता येईना, कॅसेटने सायकल कलती धरली तेव्हा उतरले. म्हणाले, "पाणी." मी म्हटलं, "आधी कार्ड." मागच्या खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढायला त्यांना किती वेळ लागला! कार्ड घामाने नरम पडलेलं. शिक्का मारला, वेळ टाकली, बारा छत्तीस. मग लिंबू-मीठ-पाणी, मग खुर्ची.

"मॅडम, शेवटचाच ना मी?"

"तुमच्या मागे अजून दोघं आहेत."

होतेच. यादीत होते. त्यातल्या एकाने खंबाटकीच्या अलीकडच्या खंडाळ्यातून राइड सोडल्याचा फोन नंतर आला, दुसरा दुपारी एकला आला आणि हसत हसत जेवायलाच बसला. पण हे गृहस्थ पंधरा मिनिटांत उठून निघाले. आमचं कंट्रोल आवरलं, घरी येऊन भाकरी थापल्या, तरी डोक्यात तेच. पुण्यात पोचायची मुदत साडेसात. सव्वासातपासून मी फोन बघत होते. सात बावीसला ते गृहस्थ पोचले. सासूबाई म्हणाल्या, "कोण पोचलं गं?" नाव मला सांगता येईना.

गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेचा रस्ता आमचा राहत नाही. उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर मोठ्याने गाणी आणि मागे दिव्याचं नाव नाही. अंधारात ट्रॉलीच्या मागून जाऊन धडकणं म्हणजे काय, हे एसटीवाल्याला सांगावं लागत नाही. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला एक रविवार आम्ही सायकली बाजूला लावतो आणि ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना मागून रेडियमच्या पट्ट्या चिकटवतो. आधी फडक्याने चिखल पुसायचा, नाहीतर पट्टी संध्याकाळपर्यंत गळून पडते. ट्रॅक्टरवाली पोरं घाईत असतात, "लवकर आटपा" म्हणतात. बैलगाडीवाले थांबतात. ते बहुतेक बीडकडचे, ऊसतोडीला आलेले.

गेल्या वर्षी एका गाडीला मी दोन पट्ट्या लावल्या आणि पुढच्या गाडीकडे वळले. वर बसलेली बाई म्हणाली, "आमच्या गाडीला जास्तीच्या लावा की." मी म्हटलं, सगळ्यांना दोनच, रोल पुरला पाहिजे. ती म्हणाली, "पर आमची बैलं म्हातारी हायती. लाइनीत आमची गाडी कायम मागंच असती."

तिला चार लावल्या. गुरुजींनी हिशोब मोडला म्हणून कुरकुर केली. यंदाचे रोल वर्गणीतून आणायचे की पेढेवाल्यांच्या गळ्यात घालायचे, यावर अजून काथ्याकूट चालू आहे.